कोठीतली खडखड

२००७ सालच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी आमच्या घरात टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट आलं आणि त्याच वर्षी माझ्या नवऱ्याने परक्या लोकांची मतं मागायला सुरुवात केली. त्याआधी लग्नाला किती वर्षं झाली होती ते सांगत बसत नाही. पण तेवढ्या वर्षांत कुणाचंही मत त्याने कधी विचारलं नव्हतं, माझं तर नाहीच.

व्हर्लन खाणीतून निवृत्त झाला होता. पूर्व केंटकीतल्या आमच्या डोंगरांत ज्याच्या त्याच्या घरी कोळशाच्या खाणीत राबलेला एक माणूस असतोच, तसा आमच्या घरी हा. खाणीने त्याची पाठ नेली आणि यंत्रांनी कान. म्हणजे बहिरा नव्हता. माझं बोलणं त्याला ऐकू येत नसे, पण कुत्रा भुंकलेला यायचा. बारीक, चिरके आवाज मात्र त्याला खरोखरच येत नसत. चहाची किटली शिट्टी मारून मारून थकली तरी हा शेजारी शांत बसलेला.

त्याची एक गिटार होती. लाकडी, पण पोटात ॲल्युमिनियमची पातळ बशी बसवलेली. ती मांडीवर आडवी ठेवायची आणि बोटांनी तारा दाबण्याऐवजी त्यांच्यावरून पोलादी दांडी फिरवायची. स्वर असा निघतो की जणू कुणी हुंदका गिळून बोलतंय. पुस्तकात तिला रेझोनेटर गिटार म्हणतात. घरात आम्ही नुसतं 'ती' म्हणायचो. तरुणपणी ओहायोतल्या कारखान्यात काम करत असताना त्याने ती विकत आणली होती, आणि तेव्हापासून त्याचा थोरला भाऊ एल्झी ती वाजत असलेल्या खोलीत कधी थांबला नाही.

भांडण असं नव्हतं. एल्झी आमच्या चर्चचा वडीलधारी. आमचे लोक जुन्या वळणाचे, बॅप्टिस्ट पंथाचे ख्रिस्ती. चर्चात पियानो नाही, गिटार नाही, काही नाही. माणसाचा गळा देवाने दिलाय, बाकी सगळं दुकानातून आलंय, असं एल्झी म्हणायचा. गाण्याची पद्धतही जुनीच, पुस्तकं नव्हती तेव्हापासूनची. एक जण ओळ भरभर सांगतो आणि मग सगळी माणसं मिळून तीच ओळ सावकाश, ओढून ओढून गातात. मग तो पुढची ओळ सांगतो. आमच्याकडे ओळ देणारा एल्झीच. त्याच्याआधी घरात ही ओळ त्यांची आई द्यायची, चुलीपाशी, पीठ मळताना.

आई गेली तेव्हा व्हर्लनने विचारलं होतं, थडग्यापाशी तिचं आवडतं भजन मी वाजवू का. एल्झी म्हणाला, "आईच्या गळ्याला पत्र्याची गरज नव्हती." तेवढंच. त्यानंतर दोघे भाऊ टोमॅटोवर बोलायचे, पावसावर बोलायचे, कुणाचं गवत कोण कापणार यावर बोलायचे. त्या भजनावर मात्र नाही.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आईची स्मरणसभा आमच्या डोंगरावरच्या घराण्याच्या दफनभूमीत भरायची होती. सगळं गोत गोळा होतं, प्रवचनं होतात, भजनं होतात, मग लांब टेबलांवर जेवणं. मे महिन्यात एके दिवशी व्हर्लन मला म्हणाला की यंदा तो ते भजन वाजवणार. सभेत नाही, सभा संपल्यावर, कुंपणाबाहेर. आणि एल्झीला ते ऐकायला लागेल, कारण खुर्च्या आवरायला एल्झीच मागे थांबतो.

मी म्हटलं, वाजव की.

तो म्हणाला, तसं नाही. एकदाच संधी आहे. नीट बसलंय की नाही ते आधी कुणीतरी सांगायला पाहिजे.

"मी सांगते. वाजव."

"तू माझी बायको आहेस, ओमा. तू चांगलंच म्हणणार."

"आजवर कशाला चांगलं म्हटलंय मी?"

यावर त्याने थोडा विचार केला. पण मत बदललं नाही.

मी शाळेच्या कचेरीत नोकरी केलेली, त्यामुळे घरात संगणक मला यायचा. या असल्या गिटारवाल्यांची एक वेबसाइट मीच त्याला शोधून दिली. लोक आपापल्या घरी वाजवून, रेकॉर्ड करून तिथे टाकायचे आणि बाकीचे त्यावर अभिप्राय द्यायचे. शोधून दिली हे माझं चुकलं असं मी त्या उन्हाळ्यात रोज म्हणत होते.

रेकॉर्डिंग कुठे करायचं हा पहिला प्रश्न. स्वयंपाकघरात फ्रिज गुरगुरतो, पडवीत कोळशाचे ट्रक ऐकू येतात, झोपायच्या खोलीत कुत्रा. शेवटी व्हर्लनने माझी कोठी निवडली. आमची कोठी घराच्या मागे डोंगरातच खोदलेली, तीन बाजूंना दगड आणि माती, त्यामुळे आत कबरीसारखी शांतता. फळ्यांवर माझ्या वर्षभराच्या शेंगा, टोमॅटो, सफरचंदं, सगळं काचेच्या बरण्यांत. त्याने बटाट्याची पोती ढकलली, मधे स्टूल ठेवलं आणि स्वयंपाकघरातल्या संगणकापासून मायक्रोफोनची वायर दाराखालून आत नेली. तीन दिवस मला लोणचं काढायला जायचं झालं तरी दार ठोठावावं लागत होतं. माझ्याच कोठीचं दार!

त्याने भजन वाजवलं. मी दाराबाहेर बटाटे सोलत उभी होते आणि हात थांबले एवढं सांगते. ओळ संपली की तो थांबायचा. पूर्ण थांबायचा. पुढची ओळ सांगायला जितका वेळ लागतो तितका. मग पुन्हा सुरू. मला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही. ते भजन तसंच असतं.

ते दोन-चार मिनिटांचं वाजवणं टेलिफोनच्या तारेतून वर चढवायला अख्खी संध्याकाळ गेली. तेवढा वेळ फोन बंद, आणि माझ्या बहिणीला वाटलं आम्ही मेलो.

दुसऱ्या दिवशी अभिप्राय आले. मी वाचून दाखवायचे, कारण व्हर्लनचा चष्मा नेमका अशाच वेळी हरवायचा. त्या वेबसाइटवर कुणाचंच खरं नाव नसतं. एक होता 'लोखंडी बोट'. तो म्हणाला, गिटारच्या पोटातली बशी सैल झालीय, खडखड ऐकू येतेय, स्क्रू तपासा. दुसरा म्हणाला, स्क्रू नाही, बशीच फाटलीय. तिसरा म्हणाला, तारा कुठल्या वापरता. यावर लोखंडी बोटाने तारांबद्दल काही सांगितलं, ते दुसऱ्याला पटलं नाही, आणि पुढची दीड पानं ते दोघे तारांवरून भांडत होते. व्हर्लनचं भजन गेलं बाजूलाच. फिनलंडचा एक माणूस होता, त्याने एवढंच लिहिलं की इथे बर्फ पडतोय आणि मी हे परत ऐकलं. मे महिन्यात तिकडे बर्फ पडतो की नाही देव जाणे, पण मला तो माणूस आवडला.

"त्याने सुधारणा काय सांगितली?" व्हर्लनने विचारलं.

"काही नाही. आवडलं म्हणतोय."

"मग त्याचा काय उपयोग?" म्हणाला. "खडखडीचं परत वाच."

गिटार माझ्या जेवणाच्या टेबलावर आली. तारा निघाल्या, पोटावरचं झाकण निघालं, स्क्रू माझ्या केकच्या साच्यात. आठवडाभर आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. खडखड त्याला स्वतःला ऐकूच येत नव्हती, हे मी त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, म्हणूनच तर दुसऱ्यांचं ऐकायचं. माझे कान गेलेत, त्यांचे शाबूत आहेत. मी म्हटलं, माझेही शाबूत आहेत आणि मला टेबलावर वाजवताना काही ऐकू येत नाहीये. तर तो म्हणाला, तुला सवय झालीय.

टपालाने नवी बशी मागवली. ती बसवली. पुन्हा कोठीत गेला, पुन्हा वाजवलं, पुन्हा माझी बहीण घाबरली. अभिप्राय आला: खडखड वाढली आहे.

हे वाचून दाखवल्यावर तो पडवीत जाऊन बसला आणि मला त्याची दयासुद्धा आली नाही, इतकी मी वैतागले होते. खोटं कशाला बोलू.

पण खडखड हे एक झालं. खरा त्रास पुढेच होता. आता लोकांचं लक्ष मधल्या थांबण्याकडे गेलं. एकाने लिहिलं, प्रत्येक ओळीनंतर तुम्ही झोपता का. दुसऱ्याने लिहिलं, मी मधल्या वेळात कॉफी करून आणली, तरी सुरू झालं नव्हतं. लोखंडी बोट जरा सभ्य होता. तो म्हणाला, हात चांगला आहे, स्वर चांगला आहे, पण तालाचं भान नाही. टिकटिक करणारं यंत्र मिळतं, ते लावून सराव करा आणि मधल्या मोकळ्या जागा भरून काढा.

मी व्हर्लनला म्हटलं, त्यांना लिहू या की हे ओळ देऊन गायचं भजन आहे. ती जागा मोकळी नाही, ती ओळ देणाऱ्याची आहे.

त्याने दांडी पुसून पेटीत ठेवली. मग म्हणाला, "ओळ देणारा आहे कुठे त्यात? आई गेली. एल्झी देणार नाही. मग ती जागा मोकळीच ना?"

मी काही न लिहिता संगणक बंद केला.

यंत्र आलं. जूनचा पूर्ण महिना माझ्या घरात टिकटिक चालू होती. मी भांडी घासायची त्या तालावर, कुत्रा शेपूट हलवायचा त्या तालावर. व्हर्लनने सगळ्या मोकळ्या जागा काढून टाकल्या. भजन निम्म्या वेळात संपायला लागलं. खडखडीवर उपाय म्हणून त्याने या वेळी धान्याच्या कोठारात बसून वाजवलं, टेपवर घेतलं आणि मग संगणकात भरलं. खडखड गेली. का गेली याचा विचार आम्ही दोघांनीही केला नाही, यावरून आमची त्या वेळची अवस्था समजावी.

यावर जे कौतुक झालं! आता खरं संगीत झालं, एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं की हे ट्रकच्या जाहिरातीला छान शोभेल. लोखंडी बोटाने तर अभिनंदन केलं, की इतक्या कमी दिवसांत इतकी सुधारणा त्याने पाहिली नव्हती. फिनलंडवाल्याने या वेळी काहीच लिहिलं नाही.

व्हर्लन एक दिवस खूश होता. दुसऱ्या दिवशी त्याने गिटार पेटीत घातली आणि पलंगाखाली सरकवली.

मी विचारलं, आता काय झालं. म्हणाला, काही नाही, आता बरोबर झालंय. मग तोंड असं का? तर म्हणाला, "बरोबर झालंय, पण ते मला ओळखीचं वाटत नाही." आणि ऑगस्टमध्ये काही वाजवायचं नाही, असं वर सांगितलं. एवढा उन्हाळा माझं टेबल, माझी कोठी आणि माझा फोन वापरून झाल्यावर!

जुलैच्या शेवटी एल्झी आला. दफनभूमीतलं गवत कोण कधी कापणार ते ठरवायला दरवर्षी येतो तसाच. चर्चात आम्ही सगळे त्याला ब्रदर एल्झी म्हणायचो, घरीही मी तसंच म्हणायचे, जरी तो माझा थोरला दीर. व्हर्लन कोठारात गवत कापायच्या यंत्राच्या पात्याला धार लावत होता. मी एल्झीला म्हटलं, बसा, तो येतोय, तोवर दोन घास खाऊन घ्या. मक्याचा पाव गरम होता. शेंगा काढायला मी कोठीत गेले.

वरच्या फळीवरची बरणी उचलताना शेजारच्या बरणीला धक्का लागला आणि तिच्या झाकणावरची पत्र्याची कडी वाजली. बारीक, चिरका, खर्रर्र असा आवाज. मी तिथेच थांबले. बरण्या उकळून थंड झाल्या की झाकण आपोआप घट्ट बसतं, आणि मग ते धरून ठेवणाऱ्या त्या कड्या काढून ठेवायच्या असतात. माझी आई काढायची, माझी बहीण काढते. मला कधीच धीर होत नाही, वाटतं झाकण सुटेल. म्हणून माझ्या कोठीत सगळ्या बरण्यांवर सैल कड्या, आणि त्यांच्या मधोमध बसून माझा नवरा ती घुमणारी गिटार वाजवत होता.

मला हसू आलं नाही. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. टेबलभर स्क्रू, टपालाने आलेली बशी, आठवडाभर मांडीवर ताट, आणि कशासाठी, तर शेंगांच्या बरण्या!

एल्झीच्या ताटात शेंगा वाढल्या आणि तशीच संगणकापाशी गेले. खात्री करायची होती. कोठीतलं पहिलं रेकॉर्डिंग मी पुसलं नव्हतं. ते लावलं आणि एक रिकामी बरणी कडीसकट कानाशी धरून हलवत बसले. एल्झी खोलीत आहे हे मला माहीत होतं. उठून गेला असता तर गेला असता. त्या घटकेला मला कुणाच्याही श्रद्धेचं, गिटारीचं, भावाभावांचं काही पडलं नव्हतं.

गिटारीतून पहिली ओळ निघाली. खर्रर्र. तीच ती. बरोबर माझीच कडी. ओळ संपली आणि वाजवणं थांबलं.

आणि माझ्या पाठीमागून एल्झीने ओळ दिली.

चमचा हातात, नजर ताटावर. चर्चात देतो तशी भरभर, एका दमात: "अंधार मागे राहिला, आता घर दिसतंय गं पलीकडे." आपण काय करतोय हे त्यालाही कळलं नसावं. घोड्याला रस्ता माहीत असतो तसं. गिटार पुन्हा सुरू झाली आणि तीच ओळ ओढून ओढून गाऊ लागली. थांबली. एल्झीने पुढची दिली.

मी बरणी खाली ठेवली. आवाज होऊ नये म्हणून पदराने धरतात तशी ॲप्रनने धरून ठेवली.

मागच्या दारात व्हर्लन उभा होता. हातात पातं. कधी आला होता कोण जाणे. भजन संपेपर्यंत तो आत आला नाही आणि बाहेरही गेला नाही.

संपल्यावर एल्झीने पावाच्या तुकड्याने ताट पुसून घेतलं. तुकडा खाल्ला. व्हर्लनकडे न बघता म्हणाला, "घाई केलीस."

व्हर्लन म्हणाला, "कुठे?"

"नदीच्या कडव्याला. आई तिथे एवढी घाई करत नसे. तिथे ती श्वास घ्यायची."

"मला वाटलं मी थांबलोय."

"थांबलास. पुरेसा नाहीस." मग तो उठला, टोपी घेतली. दारापाशी जाऊन माझ्याकडे वळला. "आणि मागे खडखडतंय काय ते?"

"शेंगा," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, जणू असंच असणार हे त्याला ठाऊक होतं. गवत कोण कापणार ते ठरलंच नाही. त्या वर्षी दोघांनी कापलं.

गिटार पलंगाखालून बाहेर आली. टिकटिक यंत्र मी बहिणीच्या नातवाला देऊन टाकलं. व्हर्लन रोज संध्याकाळी पडवीत बसून नदीचं कडवं वाजवायचा, थांबायचा, आणि मला विचारायचा, पुरेसा थांबलो का? मला! मी म्हणायचे, तुझ्या भावाला विचार. वेबसाइटवर मीच शेवटचं लिहिलं: खडखड सापडली, बरण्यांची होती, गिटारीची नव्हती. मधल्या जागा मोकळ्या नाहीत. लोभ असावा. खाली फिनलंडवाल्याचं एकट्याचं उत्तर आलं, की त्याला तसं वाटलंच होतं.

ऑगस्टमध्ये सभा झाली, जेवणं झाली, माणसं डोंगर उतरली. व्हर्लन कुंपणाबाहेर ट्रकच्या मागच्या फळीवर बसला, गिटार मांडीवर घेतली. एल्झी खुर्च्या मिटून कुंपणाला लावत होता. त्याने ओळ दिली नाही. दफनभूमीत, गिटारीला, तो ओळ देणार नव्हता आणि आम्हीही तशी आशा धरली नव्हती. पण ओळ संपून व्हर्लन थांबला की एल्झीही थांबायचा, मिटलेली खुर्ची हातात धरून, तोंड आईच्या दगडाकडे. ओठ हलत होते. गिटार पुन्हा सुरू झाली की तो चालायला लागायचा. खुर्च्या पुष्कळ होत्या, तरी त्या दिवशी त्याने एकाही माणसाला मदतीला बोलावलं नाही.

एल्झी २०११ मध्ये गेला, ताप येऊन, चारच दिवसांत. त्याच्या अंत्यविधीला गिटार वाजली नाही. व्हर्लनने विचारलंही नाही. त्याने ओळी दिल्या, आयुष्यात पहिल्यांदा, आणि नदीच्या कडव्याला इतका थांबला की मागची माणसं खोकायला लागली. त्यानंतर चर्चात ओळ तोच देतो, जरी आता बोटं आखडल्यामुळे दांडी धरवत नाही आणि गिटार भिंतीवर टांगलेली आहे. लोखंडी बोट पुढे त्या वेबसाइटचा मुख्य झाला. मग ती वेबसाइटच बंद पडली. फिनलंडच्या माणसाचं नाव हेइमो निघालं. त्याचं नाताळचं भेटकार्ड अजून येतं, त्यावर बर्फच असतो. पहिलं रेकॉर्डिंग मी तबकडीवर काढून पिठाच्या डब्यामागे ठेवलंय, शेंगांच्या खडखडीसकट. बरण्यांच्या कड्या मी अजूनही काढत नाही. बहीण म्हणते, कधी शिकणार तू.